त्रेसष्टचा कायमचा पत्ता

वाईच्या स्टँडवर सकाळच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली तेव्हाच मी ओळखलं, की काम होणार. बायकोने डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, अंगात काळा कोट होता, हातात छोटी ट्रंक आणि खिशात माझं शाईचं पेन. या पेनाने मी लष्करात बावीस वर्षं कारकुनी केली. माझं अक्षर पाहून एका कर्नलसाहेबांनी टाइपरायटर बाजूला ठेवायला लावला होता, हे आमच्या आळीत सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच ते सांगत असतो.

निघालो होतो एका पोस्टकार्डावरून. ‘बाबूजी, या. कचेरीत काम आहे. तुमच्याशिवाय होणार नाही. दिलबहादूर (६३).’ एवढाच मजकूर, आणि काने-मात्रे नव्या रंगरुटांसारखे कुठेही उभे.

दिलबहादूर हा नेपाळचा. आपल्या फौजेत नेपाळी शिपायांच्या पलटणी आहेत, त्यातल्या एकीत मला काही वर्षं कारकून म्हणून पाठवलं होतं. तिथे एकेका कंपनीत सात-सात दिलबहादूर. एकाला हाक मारली की अर्धी रांग पुढे यायची. म्हणून माणसाला त्याच्या लष्करी नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांनी ओळखायची रीत होती. हा त्रेसष्ट. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या मांडीत गोळी शिरली, पुढच्या वर्षी तो पेन्शनीत निघाला, आणि मुंबईत राहिला. चौदा वर्षांत आमची गाठ नव्हती, दिवाळीला कार्ड तेवढं यायचं.

घाट उतरून, पनवेल मागे टाकून, खाडीचा पूल ओलांडला आणि चेंबूरला उतरलो. तिथून लाल बसने घाटकोपर, आणि घाटकोपरहून मुलुंडकडे जाणारी दुसरी बस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखानेच कारखाने. भोंगा झाला की फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडायचा, आणि लगेच चहाच्या टपऱ्या भरायच्या. ते पाहता पाहता मला डुलकी लागली. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा मुलुंड आलं होतं.

“काका, नाहूर मागेच गेलं ना! झोपला काय?”

“झोपलो नव्हतो, विचार करत होतो,” मी म्हणालो.

“मग आता विचार करत चालत जा. सरळ मागे.”

ट्रंक हातात घेऊन मी उलट पावली चालत नाहूरला आलो. रुळांच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. शेवटच्या खोलीच्या दाराशी खाकी शर्ट, कपाळावर सुरकुत्या, एका पायावर थोडा जास्त भार. मला पाहताच त्याने टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला. मग मिठीच मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्याही.

“बाबूजी, म्हातारे झालात यार!”

“आणि तू काय नवरदेव राहिलास, त्रेसष्ट?”

त्याची बायको वासंतीवहिनी मालवणकडची. तिचे वडील गिरणीत होते. दिलबहादूर भांडुपच्या कारखान्यात पहाऱ्याला लागला, तिथल्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटायची, आणि पुढचं सांगायला नको. पत्र्यावर एका बाजूला तिची सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) पसरलेली आणि दुसऱ्या बाजूला त्याचं गुंद्रुक (मुळ्याचा पाला आंबवून वाळवतात तो नेपाळी प्रकार). कावळे दोन्हींवर सारखेच टपलेले.

“भाऊ, जेवाक बसा. बांगडे ताजे असत,” वहिनी म्हणाली. बांगड्याच्या आमटीत तिरफळ (मिरीसारखं, पण जिभेला मुंग्या आणणारं फळ) होतं. शेजारी वाटीत गुंद्रुकाचा रस्सा. घाटावरचा माणूस मी, दोन्ही पहिल्यांदाच खाल्लं आणि दोन्ही दोनदा मागून घेतलं.

जेवताना काम कळलं. ती जागा रिकामी करायची नोटीस लागली होती. दिवाळीपर्यंत सगळी रांग उठणार. त्याच वेळी बोरिवलीला माजी सैनिकांसाठी राखीव खोल्यांच्या यादीत दिलबहादूरचं नाव लागलं होतं. पण अंधेरीच्या कचेरीत कागद अडला. म्हणे तुम्ही परदेशी.

“ह्येंका कोण परदेशी म्हणालो, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाता,” वहिनी म्हणाली. “गोळी लागली तेवा नाय कोणी इचारल्यान, खयचो तू म्हणान.”

“वहिनी, उद्या बघा,” मी कोटाची बाही झटकून म्हणालो. “कारकुनाची भाषा कारकुनालाच कळते. दहा मिनिटांचं काम.” दिलबहादूरने माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरमार्गे अंधेरी. बस असल्फा, साकीनाका, मरोळ करत टेकड्यांच्या कडेने जाते. कचेरीत पोहोचलो तर ज्यांच्याकडे कागद होता त्या गायकवाडबाई तपासणीला गेलेल्या. शिपाई म्हणाला, “तीननंतर या.” नुसतं बसून काय करायचं, म्हणून दिलबहादूरने मला जोगेश्वरीची लेणी दाखवायला नेलं.

वस्तीच्या मधोमध जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. खाली गेलं की अख्खा डोंगर आतून कोरून काढलेला, मोठमोठे खांब, मध्यभागी देवी. वर लोकांची धुणी वाळतात, खाली गारवा. आम्ही एका खांबाला टेकून बसलो. दशम्या संपवल्या. मी जुन्या गोष्टी काढल्या, सुभेदारसाहेबांची नक्कल केली. तो हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

“बाबूजी, कागद बघाल तेव्हा रागावू नका हं,” तो मध्येच म्हणाला.

“रागावायचं नाही तर काय आरती करायची? तू फक्त गप्प उभा राहा.”

तीन वाजता गायकवाडबाई भेटल्या. मूळच्या औरंगाबादकडच्या, बोलणं तोलून-मापून. त्यांनी बसायला सांगितलं. मी बसलो. दिलबहादूर माझ्या मागे उभाच राहिला, जुन्या सवयीने.

“यांना इथे राहायला कोणी अडवत नाही,” बाई म्हणाल्या. “नेपाळचा माणूस भारतात राहू शकतो, नोकरी करू शकतो, तसा दोन देशांचा करार आहे. पण ही खोली राखीव आहे. ती या राज्यात स्थायिक झालेल्या माजी सैनिकालाच मिळते. रेशनकार्ड आहे यांच्याकडे, मी पाहिलंय. पण फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात लिहिलंय, सेवेनंतर कायमचा राहणार नेपाळ. वरचे साहेब त्यावरच बोट ठेवतात. म्हणतात, परदेशी शिपाई, परत जाणार असं नोंदवून गेला, मग खोलीवर हक्क कसला?”

झालं. मी उठून उभा राहिलो. आवाज आपोआप परेड ग्राउंडवरचा लागला.

“बाई, ज्याने या मातीसाठी मांडीत गोळी घेतली त्याला तुम्ही परदेशी म्हणता? चौदा वर्षं जो नाहूरचं पाणी पितोय तो नेपाळला राहतो? कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? माणसाला न विचारता रकाना भरणारा कारकून मी माझ्या हाताखाली एक दिवस ठेवला नसता!”

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघू लागली. बाईंनी शांतपणे ते पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि रकान्यावर बोट ठेवलं.

नेपाळ हा शब्द इंग्रजीत लिहिलेला होता. पहिल्या अक्षराला डावीकडून एक वळसा घेतलेला, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून रेघेसारखी वळवलेली. असा वळसा आमच्या पलटणीच्या अख्ख्या डेपोत, म्हणजे मुख्य ठाण्यात, एकच माणूस द्यायचा. त्याच अक्षरासाठी कर्नलसाहेबांनी टाइपरायटर बाजूला ठेवायला लावला होता.

सगळा दिवस डोळ्यांपुढे आला. डेपोच्या व्हरांड्यात पेन्शनीत निघालेले तीसेक जण रांगेत. सेवा संपली की शिपायाला घरापर्यंतचा रेल्वेचा फुकट पास मिळायचा, आणि तो रकान्यातला पत्ता पाहून निघायचा. म्हणून आम्ही कारकून डोळे मिटून प्रत्येकाला गावचा पत्ता टाकायचो. दिलबहादूर पुढे आला आणि म्हणाला होता, “बाबूजी, माझं मुंबईत कामाचं ठरलंय. मुंबई लिहा.” मी मानही वर केली नव्हती. म्हणालो होतो, “गप रे त्रेसष्ट. मुंबई लिहिली तर पास मुंबईचाच निघेल. गावचा पत्ता टाकतो, सरहद्दीजवळच्या गोरखपूरपर्यंत फुकट जा, आईला भेट. हा रकाना कोण वाचतो नंतर?” जेवणाची घंटा व्हायच्या आत मला तीस पुस्तकं संपवायची होती. संपवली.

आता खरं सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. त्या टेबलापुढे मला पहिल्यांदा दिलबहादूरची आठवण झाली नाही, माझ्या पेन्शनीची झाली. लष्करी कागदात चुकीची नोंद, तीही त्या माणसाने सांगितलेलं डावलून. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? खाली सही साहेबांची होती, माझी नव्हती. मी मागे पाहिलं. दिलबहादूर सावधान उभा होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याची नजर चुकून माझ्याकडे येऊ नये म्हणून धडपडत असल्यासारखा.

पण मघाशी गाढव मोठ्याने म्हणालो होतो, तर आता हळू बोलून चालणार नव्हतं.

“बाई,” मी म्हणालो, “ते गाढव मीच.”

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. “तोंडी नको. प्रतिज्ञापत्र करून आणा. काय सांगितलं होतं, काय लिहिलं, का लिहिलं, सगळं.”

बाहेर झाडाखाली टायपिस्ट बसले होते. त्यातला एक धावत आला, तर मी त्याला हातानेच थांबवलं. मुद्रांकाचा कागद घेतला, कचेरीच्या पायरीवर बसलो आणि माझ्या पेनाने माझ्याच अक्षरात, इंग्रजीत लिहिलं. नाव लिहिताना पहिल्यांदा पूर्ण विचारलं: त्याचं, त्याच्या बापाचं, गावाचं. इतकी वर्षं मला त्याचे दोनच आकडे माहीत होते. वकिलाचा शिक्का घेऊन आत गेलो. बाईंनी जुनं पुस्तक आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, दोन्ही वळसे निरखून पाहिले.

“जुळतंय,” त्या म्हणाल्या. “हेच हवं होतं. मी शिफारस लावून वर पाठवते. आता अडू नये.”

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला तोंड वर करवत नव्हतं. दिलबहादूरने मरोळला खाली उतरून भज्यांची पुडी आणली आणि धावत बस पकडली, तंगडी ओढत. “खा बाबूजी. गाढवाला पण भूक लागते ना!” म्हणाला आणि इतका हसला, की कंडक्टरही हसू लागला.

तिसऱ्या दिवशी मी बोरिवलीहून एस.टी. धरणार होतो, म्हणून दोघेही मला सोडायला आले आणि आम्ही आधी ती इमारत बघून घेतली. रंग अजून ओला होता. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून कान्हेरीचे डोंगर दिसत होते. दिलबहादूर कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या गावच्या डोंगरांपुढे ते म्हणजे वारूळच असणार, पण तो खूश दिसत होता.

तेवढ्यात वहिनीने मला जिन्याजवळ गाठलं.

“तुमका सांगू नको म्हणालेत, पण मी सांगतंय. बाईंनी चार म्हयन्यांआधीच इचारलेलां, ह्यां लिवलां कोणी, त्येका घेवन येवा. ह्येंनी नाव सांगूक नाय. म्हणालेत, आधी माका लिवन देवा, लिवणाऱ्याच्या पेन्शनीक धक्को लागाचो नाय म्हणान. ता लिवन येयसर चार म्हयने गेले. मगेच तुमका कार्ड धाडल्यानी.”

मी विचारलं, “म्हणजे त्याला माहीत होतं?”

“तुमचा अक्षर, भाऊ. ह्ये कित्येकदा सांगतत माका, असां अक्षर कोणाचा नाय.”

डोक्यावर नोटीस, दिवाळी जवळ येतेय, आणि हा माणूस चार महिने माझी पेन्शन सांभाळत बसला होता. मी गॅलरीत गेलो.

“का रे, आधी पत्रात का नाही लिहिलंस? आल्या दिवशी तरी सांगायचंस.”

तो म्हणाला, “सांगितलं असतं तर बाबूजी मान खाली घालून आले असते. मला माझे बाबूजी कोट घालून यायला पाहिजे होते.”

मी त्याचा हात हातात घेतला आणि एस.टी. सुटेपर्यंत सोडला नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. काने-मात्रे तसेच, कुठेही. ‘बाबूजी, चावी मिळाली. वासंतीने गॅलरीत सुकट घातली, मी गुंद्रुक.’ खाली मोठ्या अक्षरांत, दोनदा रेघ मारून: ‘राहणार बोरिवली, मुंबई.’

गावात अजूनही लोक अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे, म्हणजे त्यांच्या अप्पांकडे, येतात. कोणाची पेन्शन, कोणाची जमीन, कोणाचं पोरगं भरतीला निघालेलं. पत्ते मला सगळ्यांचे तोंडपाठ. तरी त्या रकान्यापाशी आलो की पेन थांबवतो, मान वर करतो आणि विचारतो, “राहायचं कुठं आहे तुम्हाला?” लोक हसतात, म्हणतात, अप्पांना आता विसर पडायला लागला. मी त्यांना हसू देतो, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो.