नंदूच्या घराचा चढ

दुःखाच्या घरी भेटायला गेलं की निघताना "येतो" म्हणायचं नसतं, गुपचूप उठून बाहेर पडायचं असतं. हा रिवाज ज्यांनी घातला, त्यांच्या गावात बर्फ पडत नसणार.

नंदू माझा पुण्यातला हॉस्टेलचा रूममेट. मी नेदरलँड्समध्ये आल्मेरेला, तो नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला. त्याची आई साताऱ्याला अचानक गेली आणि तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवस करून परतला, तो गप्पच.

"तो अजून रडलाच नाहीये," माझी बायको मंजू म्हणाली. "आपण जाऊन त्याला मोकळं करू." ('आपण' म्हणजे मी! विमानात सांत्वनाची वाक्यं पाठ करत बसलो होतो.)

ट्रॉन्डहाइम फार जुनं गाव. नंदूने आम्हाला दगडी कॅथीड्रल दाखवलं, नदीकाठच्या रंगीत लाकडी वखारी दाखवल्या, सगळं कोरड्या आवाजात. मी संधी साधली. "नंदू, काकू फार..."

"ह्या वखारीत सुके मासे ठेवायचे," नंदू म्हणाला.

त्याचं घर एका उभ्या, गोठलेल्या चढावर. (आल्मेरेत आम्ही चढ म्हणतो तो कालव्यावरच्या पुलाला.) दोन दिवस राहिलो. माझी वाक्यं संपली, नंदूचे डोळे कोरडेच. मला भीती वाटायला लागली होती.

निघायच्या दिवशी नंदू चहा टाकायला आत गेला आणि मंजूने खूण केली. बॅगा उचलून आम्ही सटकलो. चोरासारखं सटकायचं म्हटल्यावर दिवा कोण लावतं! अंधारातच बूट चढवले. पार खाली पोचल्यावर मंजूने विचारलं, "तुझे बूट असे फताड फताड का वाजतायत?"

नंदूचे होते! परत वर. तो दारातच उभा, हातात माझे बूट.

"चहा न घेताच?"

"अरे, ते... सांगून निघायचं नसतं ना..."

"माहितीये. आईनेच शिकवलंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा प्यायलो, पुन्हा न सांगता निघालो, आणि उताराच्या शेवटी मंजू सपशेल आडवी! घोटा टम्म सुजला.

"नंदूभावजींना फोन कर."

"अगं, दुःखाच्या घरी एका दिवसात किती वेळा जायचं?"

"मग मला इथेच पुरतोस का!"

नंदू आला तो बर्फावरून दोरीने ओढायची लाकडी गाडी घेऊन. कोरी करकरीत, किमतीची चिठ्ठीही निघालेली नव्हती. मंजूला बसवून तो ओढू लागला, मी दोन्ही बॅगा घेऊन मागे. अर्ध्या चढावर तो थांबला.

"आईसाठी घेतली होती रे. येणार होती ती. तिच्या गुडघ्यांना हा चढ झेपला नसता."

आणि नंदू मटकन बर्फात बसला. दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. ज्यासाठी आलो ते अखेर झालं होतं!

"रडा नंदूभावजी, रडा," मंजू रडत म्हणाली, "पण दोरी..."

दोरीला दोन्ही हात लागतात. मंजू नदीच्या दिशेने निघाली.

शेजाऱ्याच्या कुंपणाने तिला अडवलं म्हणून बरं. नंदू डोळे पुसायचेही विसरून धावत खाली आला आणि त्याने आधी तिला, मग मला उचललं. मंजू आजही विचारते, "त्या क्षणी तू कुणाकडे धावलास? मित्राकडे की माझ्याकडे?"

कुणाकडेच नाही. दोन्ही बॅगांसकट, पाठीवर घसरत, मी तिच्या आधीच खाली पोचलो होतो!