गवळणीतून राधा काढली

गाणं धरायच्या आधी तो डावा हात कानावर ठेवायचा, जिभेनं गालातला तंबाखूचा खर्रा मागं सारायचा आणि म्हणायचा, "आत्ता कुठं आवाज लागून राह्यला." पहिलं गाणं असो की घसा बसेपर्यंत गाऊन झाल्यावरचं शेवटचं, वाक्य हेच. त्याचा आवाज कायम आत्ताच लागत असायचा.

नाव सांगत नाही. त्याची बायको अजून माझ्या गल्लीत राहते. सगळे त्याला शाहीर म्हणायचे, मीही तेच म्हणते.

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये आम्ही सोबत कामाला होतो. कापसाची गंजी फोडून टोपल्यांनी रेच्यापर्यंत न्यायची, हे त्याचं काम. आम्ही बाया खाली बसून कापसातल्या काड्या, पाला आणि कवडी, म्हणजे किडून कडक झालेला कापूस, वेचायचो. रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. असे रेचे रांगेनं सुरू झाले की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागतं. त्या आवाजात हा गायचा, आणि आम्हाला शब्द न शब्द ऐकू यायचा. कसा, ते मला विचारू नका, मी चौथीपर्यंत शिकले. एवढं दिसायचं की तो ओरडत नव्हता. यंत्राच्या आवाजाला कुठंतरी फट असावी, तिच्यातून तो गाणं बाहेर काढायचा.

मुकादम दारातूनच खेकसायचा, "शाहीर, गान्याची मजुरी वेगळी लावू का?"

"लावा न, मालक. बायांची कापा अन् मले द्या."

मग आम्ही कवड्यांचा मारा करायचो आणि तो टोपलं डोक्यावर धरून पळायचा. घरी मात्र हा माणूस मुका. त्याची बायको म्हणायची, "याच्या तोंडातून शब्द निघत नाई, बाई. कोंबडी हाकलाची असन तरी मले आवाज देते, तोही खाकरून."

त्याचा खडी गंमतीचा फड होता. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. शाहीर पुढे, ढोलकीवाला आणि टाळवाले मागे, लुगडं नेसून नाचणारा एक बाप्या, आणि सगळा खेळ उभ्यानं. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब आणि सोंगं. फडातले सगळे आमच्यातलेच, कोणी हमाल, कोणी रंगारी. नाचणारा बाप्या जिनिंगमध्येच गठाणी बांधायचा. खेळासाठी तो मिशी काढायचा, आणि मिशी परत येईपर्यंत त्याची बायको त्याच्याशी बोलायची नाही.

दिवाळी झाली की नदीपलीकडच्या गावांत मंडई भरते. जत्राच ती. त्यातल्या एका गावात भरदुपारी गण म्हणायचा मान याच्या फडाचा. मोठे फड मोडले, शाहीर म्हातारे झाले, मंडपात ऑर्केस्ट्रा आला, मग पोरी नाचवणारे डान्सवाले आले. तरी पहिला गण याचाच. बाकी वर्ष तो टोपली वाहायचा, त्या एका दुपारी तो शाहीर असायचा. आम्ही बाया त्या दिवशी खाडा करून जायचो.

गळ्याला हा माणूस फार जपायचा. लोणचं नाही, चिंच नाही, माठाचं पाणीसुद्धा नाही. उन्हाळ्यात गळ्याला दुपट्टा गुंडाळून फिरायचा आणि पोरं त्याच्यामागं हसायची. बोरं दिली तर हात मागं घ्यायचा. "गयाले धरते, बाई."

आणि खर्रा दिवसभर गालात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला तो भुगा आमच्याकडे पानठेल्यावर मिळतो, बंदी असली तरी मिळतो. त्याचंही कारण त्याच्याकडे होतं, आणि ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. जिनिंगमधले सगळे बाप्ये तेच सांगायचे. रुईची धूळ उडते, नाकातोंडात जाते, छातीत बसते. गालात खर्रा असला की धूळ त्याला चिकटते, खाली गळ्यात उतरत नाही. जुन्यांनी नव्यांना हे शिकवलेलं. कामावर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी टोपलं दाखवायचे आणि सोबत पन्नी हातात द्यायचे. मास्क कोणी दिला नाही, पन्नी दिली. बाकीचे खायचे ते चवीसाठी खायचे, हा आवाजासाठी खायचा. औषधासारखा, वेळेवर.

मी खाल्ला नाही. त्यात काही शहाणपण नव्हतं, मला चक्कर येते म्हणून.

आधी आम्हाला काही समजलं नाही. उलट हसलो. सुटीच्या वेळी गेटवर गुपचूपची गाडी लागायची. शहराकडे पाणीपुरी म्हणतात ती. एके दिवशी त्यानं गुपचूप द्रोणात कुस्करून चमच्यानं खाल्लं. एक बाई म्हणाली, "शाहीर, नवरदेवासारखा काऊन खाऊन राह्यला? तोंड उघड न!" आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. दात न उघडता.

मग भाकर दुधात भिजवून यायला लागली. चटणीच्या डब्याचं झाकण काढलं की तो तोंड फिरवायचा.

पण मला खरी शंका आली ती गाण्यावरून. त्याची एक गवळण होती, तिची प्रत्येक ओळ राधेवर येऊन थांबायची, आणि "राधाऽ" म्हणताना तो असा तोंड वासायचा की मागची दाढ दिसावी. त्या हंगामात गवळण तीच, चाल तीच, पण राधा नाही. राधेच्या जागी कुठं सखी आली, कुठं गवळणी. पुढं कान्हा गेला आणि हरी आला. यमुनाही गेली, नुसती नदी राहिली. मला वाटलं, नवं बांधून राह्यला असेल. मग एका दुपारी लाइट गेली, रेचे थांबले, आणि मी त्याला गंजीमागं गाठलं.

"तोंड उघड."

"काऊन?"

"उघड म्हटलं न."

त्यानं उघडलं. बोट आडवं गेलं असतं, दुसरं गेलं नसतं. आतला गाल पांढरा, वाळलेल्या चामड्यासारखा ताठ.

"कधीपासून?"

"लय दिवस झाले." मग एखादी युक्ती सांगावी तसा तो म्हणाला, "बाई, आ निंगत नाई. तोंड मोठं करावं लागते न. पन ई निंगते. दात मिटून बी निंगते. म्हून मी सारे गाने ईवर आनून ठेवले. राधेले काढून टाकलं."

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवतो न. मंडई होऊ दे." आणि कानावर हात ठेवून, "आत्ता कुठं आवाज लागून राह्यला."

मी त्याला शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही. एवढं झालं, त्यानं माझ्यासमोर गालातला खर्रा थुंकला आणि पुन्हा घेतला नाही. बायकोनंही तेच सांगितलं, याची मी खात्री करून घेतली. पण तोवर गालात जखम झाली होती आणि ती भरत नव्हती.

त्याची बायको माझ्याकडे आली. "बाई, तुम्ही चाला सोबत. माह्यं आयकत नाई हा." आम्ही दोघी त्याला बसमध्ये घालून वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुन्हा बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. आमच्या वयाचा मान ठेवून बसवलं आणि सांगितलं. कॅन्सर आहे. ऑपरेशन लगेच करायचं. गाल आणि त्या बाजूचा जबडा जाईल. आता केलं तर माणूस वाचू शकतो.

त्यानं विचारलं, "गाता येईन का?"

"नाही, काका. बोलणंही कठीण जाईल."

"मंग मंडई झाल्यावर येतो."

"जखम मंडईसाठी थांबत नाही, काका."

तो उठून हात जोडून बाहेर गेला. बायको तिथंच बसून राहिली, पदराचं टोक दातात धरून. बसस्टँडवर मी त्याला म्हटलं, "जीव पाह्यजे का गानं पाह्यजे, एक सांग."

तो म्हणाला, "जबडा काढल्यावर घरी कोन येईन, बाई? मी तं नाई येनार."

"जो येईन त्याले आम्ही वरन पाजू. तू भरती हो."

"एक मंडई," तो म्हणाला. "एकच."

बायको त्याच्या पाया पडली, सगळ्या बसस्टँडसमोर. त्यानं तिला उठवलं, तिच्या लुगड्याची धूळ झटकली. पण भरती झाला नाही.

मंडईला आम्ही गेलो. डान्सवाल्यांचे भोंगे आधीच लागले होते. कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी सांगितलं, शाहीर, लवकर आटपा, पोरं थांबत नाही. याच्या डोक्याला फेटा, आणि त्याचंच टोक सुजलेल्या गालावरून घेतलेलं. त्यानं कानावर हात ठेवला. जीभ सवयीनं गालाकडे गेली आणि दुखलं, ते मला समोरून दिसलं. मग त्यानं गण धरला.

सूर होता. खोटं कशाला सांगू, सूर पूर्वीसारखाच होता. शब्द नव्हते. सगळं ईवर आणून ठेवलं होतं, आता ईसुद्धा निघत नव्हती. दातांमागून नुसती चाल बाहेर येत होती. ढोलकीवाला मागून शब्द पुरवायला लागला. मंडपाच्या कडेची पोरं ओरडली, "ओ शाहीर, खर्रा थुका न पयले!"

लोक हसले. सगळा मंडप हसला.

तो थांबला. पोरांकडे पाहून त्यानं वाकून मुजरा केला, दोन पावलं बाजूला गेला आणि कोपऱ्यात थुंकल्यासारखं केलं. मग तोंड पुसून परत जागेवर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या तोंडात काहीच नव्हतं. ते आम्हाला माहीत होतं, त्याच्या फडाला माहीत होतं. नाचणारा बाप्या पदर तोंडाला लावून उभा राहिला आणि लोकांना वाटलं, तो लाजायचं सोंग करतो आहे.

गण पुरा झाला. गवळण झाली नाही. भोंगे सुरू झाले.

तो भरती झाला तेव्हा आजार मानेत उतरला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. जबडा काढला. नाकात नळी घातली, तिच्यातून बायको वरणाचं पाणी द्यायची. तो घरी आला, पण बोलला तो नाहीच. बायको म्हणाली, "आधी तरी खाकरत होता."

हंगाम सरत आला होता. एके दिवशी तो जिनिंगमध्ये आला. दुपट्ट्यानं अर्धं तोंड बांधलेलं, अंगावर नुसता सदरा टांगल्यासारखा. मुकादमानं त्याला अडवलं नाही. तो गंजीजवळ त्याच्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला. रेचे चालू होते. त्यानं डावा हात कानावर ठेवला. गळ्याची शीर फुगली. छाती भरायची, रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. आम्ही बाया कवडी वेचायचं सोडून पाहत बसलो. तो गात होता. कोणती गवळण, तेही मला छातीच्या भात्यावरून कळलं. आवाज येत होता की नाही, ते त्या गोंगाटात कळायला मार्ग नव्हता. आणि त्याला तेच हवं असावं.

तेवढ्यात लाइट गेली.

रेचे एकदम थांबत नाहीत, घरघरत घरघरत थांबतात. एकेक रेचा गप्प होत गेला. शेवटचा गप्प झाला तेव्हा तो अजून कानावर हात ठेवून उभा होता आणि त्याची छाती भरलेली होती. सगळ्यांनी कान लावले. दुपट्ट्याआडून हवा निघाल्याचा आवाज आला, सायकलच्या चाकातून निघते तसा. बाकी काही नाही.

त्यानं हात खाली घेतला. आमच्याकडे पाहिलं. कोणी खाली पाहिलं, कोणी कवडी वेचायला लागली. मी त्याच्याकडेच पाहत राहिले, कोणीतरी पाहायला हवं होतं म्हणून. तो भिंतीच्या कडेनं निघून गेला. परत आला नाही. होळीच्या आधी गेला.

तेरवीला फडातले सगळे आले. पंक्ती उठल्या, आणि कोणीतरी म्हणालं, शाहिरासाठी एक गण होऊन जाऊ द्या. आता फड ढोलकीवाल्याकडे आला होता. तोही जिनिंगमध्येच कामाला, चांगल्या गळ्याचा, दोन पोरींचा बाप. तो उठला, घसा साफ केला, खिशातून पन्नी काढली आणि बोटांनी चोळायला लागला.

मी जाऊन त्याच्या हातातली पन्नी हिसकली आणि खरकट्याच्या ढिगावर फेकली. शाहिराची बायको दारातून पाहत होती.

"काय करून राह्यला तू? त्याच्या तेरवीत?"

तो रागावला नाही. शरमलाही नाही. समजुतीनं म्हणाला, "मावशी, दिवसभर रुईत राहतो न. गयात धूय बसते. गानं कसं निंगन?"

आणि त्यानं दुसऱ्या खिशातून दुसरी पन्नी काढली. चिमूट गालात ठेवली, जिभेनं मागं सारली, डावा हात कानावर ठेवला आणि गण धरला.

चांगला गायला. आ सुद्धा मोठा लावला. तोंड अजून पुरतं उघडत होतं.