साडूभाऊंची बारी

चोर पकडण्याआधी त्याचा सूर पकडणारा पोलीस मुंबईत एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मरोळच्या बाजूला हवालदार होते, पुढे सहाय्यक फौजदार होऊन निवृत्त झाले. मी त्यांना साडूभाऊ म्हणत असे आणि ते मला नुसतं 'साडू'. माझं लग्न जमलं तेही त्यांच्यामुळेच. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा घरचे थोरले जावई म्हणून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. बाकीच्यांनी पगार, जागा, गाव सगळं विचारून घेतलं. यांनी एकच प्रश्न विचारला, "गाणं ऐकता?" मी घाबरून खरं तेच सांगितलं, "लागलं असलं तर ऐकतो. मुद्दाम लावत नाही." साडूभाऊ सासऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, "मुलगा काळी एकमध्ये बोलतो. आवाज कुठे हलला नाही. खोटं बोलणारा नाय हा, द्या मुलगी." काळी एक म्हणजे पेटीवरची पट्टी, हे मला साखरपुड्यानंतर कळलं. तोवर मला ते पोलीस खात्यातलं एखादं कलम वाटत होतं.

त्यांच्या लेखी माणसाचं नाव, वय, धंदा हे सगळं नंतर, आधी पट्टी. चौकीत कुणी तणतणत आलं की हे आत जाऊन साहेबांना सांगत, "साहेब, बाई पांढरी पाचमध्ये आल्या होत्या, आता पांढरी दोनवर आहेत. चहा झाला की बोलू." नवे साहेब चक्रावत. जुने साहेब शांतपणे विचारत, "आणि नवरा?" "तो बेसूरच आहे, साहेब. त्याला तुम्ही घ्या." रस्त्यावरही तेच. एकदा मरोळ नाक्यावर त्यांनी एका रिक्षावाल्याला थांबवलं. तो बिचारा लायसन काढायला लागला, तर हे म्हणाले, "लायसन रख. ये हॉर्न किधर से लिया? निषाद उतरा हुआ है." दुसऱ्या दिवशी तो गडी गॅरेजवाल्याकडे जाऊन, निषाद ढीला झालाय, टाइट करून दे, म्हणून हटून बसला. गॅरेजवाला हे सांगायला मुद्दाम चौकीत आला होता. घरी ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, कुकरचीही सुटका नव्हती. तिसरी शिट्टी जरा कणसूर आहे, असं ते पेपर वाचता वाचता जाहीर करत आणि ताई आतून म्हणत, "भात सुरात शिजलाय. जेवायला या."

या सगळ्याचं मूळ त्यांच्या कणकवलीकडच्या गावात होतं. तिकडे डबलबारी भजनाचा मोठा नाद. दोन बुवा आपापली पेटी आणि मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. एकाची बारी चालू असताना दुसरा बुवा कितीही पेटला तरी ऐकत बसतो. गिरणीत नोकरीला आलेल्या वडिलांबरोबर साडूभाऊ मुंबईला आले ते ही डबलबारी डोक्यात घेऊनच, आणि पोलीस झाल्यावर त्यांनी तीच कायदा म्हणून वापरली. वस्तीतली भांडणं मिटवायचं काम साहेबांनी त्यांच्याकडे दिलं होतं. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून ते नियम सांगत: एकाची बारी संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, आणि आपली बारी आली की आधी समोरच्याची तक्रार आपल्या तोंडाने म्हणून दाखवायची. ती त्याला पटली, तरच पुढे आपलं रडगाणं.

मी एकदा त्यांना डबा द्यायला गेलो असताना अशी एक बैठक पाहिली. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या चादरीचं पाणी खालच्या काकूंच्या पापडांवर पडत होतं. प्रकरण दोन घरांचे पुरुष एकमेकांच्या गचांड्या धरण्यापर्यंत गेलं होतं. वरच्या बाई मधेच बोलायला लागल्या तशी साडूभाऊंनी काठी जमिनीवर टेकवली. "तुमची बारी नाय. गप रवा." मग त्यांची बारी आली. त्या फणकाऱ्यानेच म्हणाल्या, "हिच्या पापडांवर माझं पाणी पडतं." खालच्या काकूंनी मान हलवली, "अर्धंच झालं." दोनदा, तीनदा म्हणून झाल्यावर वरच्या बाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "आणि हिचे सांधे दुखत असताना ही पहाटे उठून लाटते, ते सगळं फुकट जातं." चादर त्या दिवसापासून गच्चीवर गेली. साडूभाऊंना मात्र त्या दोघींचे आवाज एका पट्टीत जुळले याचंच अप्रूप. दोघींना त्यांनी भजनाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

निवृत्त झाल्यावर त्यांना फक्त भजन उरलं, आणि तेच त्यांना हवं होतं. आवाज मोठा, मोकळा, जरा खरखरीत. पण एका वर्षी गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं की गाठ आवाजाच्या नसेला इतकी चिकटली आहे की ती काढताना नस वाचणार नाही. गाठ ठेवली तर माणूस वाचणार नाही. कुणालाही यात विचार करण्यासारखं काही वाटलं नसतं. साडूभाऊ मात्र कितीतरी दिवस गॅलरीत बसून विचार करत राहिले. आम्ही सगळे समजावून थकलो. शेवटी ताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला गाणारा नवरा नको," त्या म्हणाल्या, "असलेला नवरा हवा." साडूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. पण एकदा समोर बसून ऐक."

रास्तच होतं ते. आयुष्यभर ताईंनी त्यांचं भजन स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, माणसांचा चहा गाळत. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी त्या पहिल्यांदा समोर चटईवर बसल्या. हात रिकामे राहवेनात म्हणून लसूण सोलायला घेतली. आम्ही दोघं नवरा-बायको दाराशी बसलो होतो. साडूभाऊ रूपाचा अभंग गायले, गौळण गायले, गजर केला, एकटेच, पेटी छातीशी ओढून. ताईंनी एक पाकळीही सोलली नाही. शेवटी नुसतं म्हणाल्या, "तुम्ही डोळे मिटून गाता, हे मला माहीतच नव्हतं."

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला तो गेलाच, उरली नुसती कुजबुज. आम्हाला वाटलं, आता हे मिटले. काही महिने ते खरोखरच खाली उतरले नाहीत. मग एका संध्याकाळी शेजारच्या चाळीत हळद होती. डीजेच्या भिंती गल्लीत उभ्या, समोरच्या बिल्डिंगमधला एक माणूस खाली येऊन ओरडतोय, "माझा बाप आजारी पडलाय वर, बंद करा!" आणि नवरदेवाचा भाऊ म्हणतोय, "आयुष्यात एकदा हळद, यार, काय वाट लागली का तुमची?" कुणीतरी ढकललं, कुणाच्या तरी ओठातून रक्त आलं. गर्दी वाढायला लागली. ताईंनी हात धरायच्या आत साडूभाऊ जिना उतरून मधोमध जाऊन उभे राहिले, मी धापा टाकत मागे. त्यांचे ओठ हलत होते आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. "काय म्हणतायत? काका काय म्हणतायत?" पोरं एकमेकांना गप्प करायला लागली. तरी ऐकू येईना, तेव्हा नवरदेवाचा भाऊ स्वतःच ओरडला, "अरे, डीजे बंद कर ना! काका बोलतायत!" आणि डीजे बंद झाला.

त्या शांततेत साडूभाऊ कुजबुजले, "म्हाताऱ्याक कोणी विचारल्यानी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मग म्हाताऱ्याचा मुलगा, नवरदेवाचा भाऊ, साडूभाऊ आणि मी असे चौघे वर गेलो. म्हातारबाबा उशीला टेकून बसले होते. "तुका काय होया, ता सांग," साडूभाऊ त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. म्हातारबाबा रागावलेलेच होते. "दुपारपासून एकच गाणं लावलंय मेल्यांनी," ते म्हणाले. "दुसरं नाही का यांच्याकडे?" मुलगा हसायला लागला, मग तो ओठ फुटलेला भाऊही. गाणं बदललं, आवाज बराच उतरला, आणि म्हातारबाबांना उचलून खिडकीशी बसवलं. त्यानंतर साडूभाऊंना पुन्हा बोलावणी यायला लागली. भांडणं पूर्वीपेक्षा लवकर मिटत, कारण त्यांचं ऐकायचं तर आधी सगळ्यांना गप्प व्हावं लागे. "हे आधी कळलं असतं," ते मला म्हणाले, "तर नोकरीभर कशाला ओरडलो असतो, साडू?"

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात ते मला घेऊन मढला गेले होते. तिथल्या एका वाडीत लग्नात वाजवणारं बँड पथक दुपारी सराव करतं, ते त्यांना ऐकायचं होतं. भर दुपारी नारळाच्या सावलीत बसून त्यांनी तासभर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ऐकली, एकही सूर काढला नाही, की कुणाचा निषाद काढला नाही. परतताना वर्सोव्याच्या बोटीत आम्ही कडेला बसलो. इंजिनाचा इतका आवाज होता की माणसं खुणांनी बोलत होती. मी पाहिलं तर साडूभाऊंचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, मांडीवर बोटांनी ठेका चाललाय. मी कान अगदी जवळ नेला. काही ऐकू येईना.

"कुठला अभंग?" मी विचारलं.

त्यांनी डोळे न उघडताच हाताने थांब म्हटलं.

बोट धक्क्याला लागली. टोपल्या घेतलेल्या कोळणी उतरल्या, मोटारसायकली उतरल्या. इंजिन बंद झालं तरी मला काही ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ मात्र हलत होते, आणि मधेच एका जागी, वरच्या सुराला चढावं तशी, त्यांची मान थोडी उचलली गेली. बोटवाला आमच्याकडे बघून "चला, चला" म्हणाला. मी त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, आणि त्यांचं संपेपर्यंत तसाच शेजारी बसून राहिलो.