रिकाम्या खोल्यांपुढचं धुणं

रंजनाचा फोन आला तेव्हा मी आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये कुकर लावत होते. "आई गेल्या," एवढंच ती बोलली. रंजना म्हणजे शालूमावशीची सून. त्याला आता महिना उलटून गेला.

शालूमावशी आमची सख्खी कोणी नव्हे, गिरणीच्या लाईनीतली शेजारीण. सातिवलीच्या अलीकडे भातशेतीत एक कापडगिरणी उभी राहिली आणि तिच्या मागे कामगारांसाठी बैठ्या खोल्यांच्या रांगा. त्याच लाईनी. कोकणातली, देशावरची माणसं तिथे येऊन नळावर भांडली, एकमेकांच्या लग्नात राबली. मावशी मात्र इथलीच, जवळच्या गावातली. लग्न होऊन लाईनीत आली आणि वाइंडिंग खात्यात बॉबिनींवर सूत भरू लागली. तोंडानं भलती फटकळ! माझ्या आईला म्हणायची, "तुज्या पोरीला कामाची अक्कल नाय, नुसती पुस्तकं खाते." वर मलाच तळलेला बोंबील आणून द्यायची.

नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. मावशीचा नवरा आधीच गेलेला. शाळकरी मुलगा प्रकाश आणि ती एक खोली, दुसरा आधार नव्हता. कंपनीला जागा रिकामी हवी होती. एकेक बिऱ्हाड हललं, आम्हीही आचोळ्याला गेलो. मग कंपनीच्या साहेबाचा निरोप आला : रांगेतल्या बहुतेक खोल्या रिकाम्या दिसल्या की त्या रांगेचं पाणी बंद. पाणी नाही तर राहणार कसं?

मावशीनं जाणाऱ्या प्रत्येकीकडून जुनी लुगडी, चादरी, पोरांचे सदरे मागून घेतले होते. रोज सकाळी ते सगळं भिजवायची आणि रिकाम्या खोल्यांच्या दारांपुढे वाळत घालायची. बाहेर धुणं आहे म्हणजे आत माणूस आहे, असंच कोणीही समजणार. "अगं, हे सोंग किती दिवस?" मी चिडून विचारलं. "पानी येतंय तवर," ती म्हणाली.

साहेब पाहणीला आला त्या दुपारी मी नेमकी तिच्याकडे होते. तिनं मला आमच्याच जुन्या खोलीत ढकललं. "आतून कडी घाल. भांडी वाजव." भांडी कुठली! एक फुटकी बादली तेवढी होती... बूट जवळ आले. दारावर थाप पडली. मग आणखी जोरात. बादलीवरचा माझा हात हलेना.

"दार उघडा, नाहीतर तोडायला लावतो!" साहेब ओरडला.

"बालंतीन हाय आत! लाज नाय वाटत?" मावशी कडाडली.

"मग बाळाचा आवाज कसा नाही?"

"आताच निजवलंय. उठवा, आनि घ्या मांडीवर!"

आज हिचं काही खरं नाही, एवढंच माझ्या मनात. बूट तिथेच थांबले... बराच वेळ. मग पुढे गेले. मी बाहेर आले तर मावशी दारापुढची ओली चादर मुठीत घट्ट धरून उभी होती. तिला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. अशा जिवावरच्या खेळाचा मला राग आला होता, आणि तिला मिठी मारून रडावंसंही वाटत होतं. संध्याकाळी पाणी आलं. हंडा भरता भरता मलाच म्हणते कशी, "जरा ट्यांव ट्यांव केलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?"

पुढे साहेब बदलले, धमकी तीच राहिली. प्रकाशचं लग्न झालं आणि मावशी जाण्याआधी काही महिने रंजना खरीच बाळंतीण झाली. नात रडली की मावशी धावत जाऊन दार सताड उघडायची. "रड बाय, मोठ्यानं रड. ऐकू दे त्यान्ला."

परवा लाईनीत गेले होते. कंपनीची माणसं पुन्हा येणार म्हणून रंजनाचा चेहरा उतरलेला, प्रकाश कामावर. बोलता बोलता पाळण्यातली पोर रडू लागली. मी उठले, तर रंजनानं हातानंच थांबवलं. ती आधी दारापाशी गेली, दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या, आणि मग पोरीला उचललं.