यादीत नंबर आहे आमचा

डायलिसिसला आलेला माणूस चार तास मशीनला बांधलेला असतो आणि त्याची बायको चार तास बाहेरच्या बाकाला. आठवड्यातून तीन दिवस, गेली तीन वर्षं. एवढ्या वेळात माणूस एक तर पोथी वाचतो, नाहीतर चिडतो. मी पोथी नेत नाही. त्यामुळे माझ्याकडे हे एवढे किस्से साठलेत, आणि त्यातला एकही मी हौसेनं गोळा केलेला नाही!

आमचे हे, म्हणजे सुधाकरराव, खडकीला फॅक्टरीत होते. दोन्ही किडन्या कामातून गेल्या. माझी द्यायला मी तयार होते, पण माझी शुगर बघून डॉक्टरांनी मला पहिल्याच फेरीत बाद केलं. ह्यांना दोन भाऊ आहेत, पण जावा माझ्यापेक्षा हुशार आहेत. मग उरली यादी. कुणी गेलं, घरच्यांनी अवयव दिले, रक्तगट जुळला आणि नंबर लागला, तर किडनी मिळते. तोवर वाट बघायची.

* * *

आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यायचं, हे आपल्याकडे कोणी ठरवलं कोण जाणे! किडनीच्या पेशंटला शहाळं म्हणजे विष. त्यातलं पोटॅशियम थेट हृदयाला त्रास देतं.

एका रविवारी फॅक्टरीतले चौघं आले. सहा शहाळी घेऊन! मी पंधरा मिनिटं पोटॅशियम समजावलं. चौघांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. जाताना त्यातले कुलकर्णी हळूच म्हणाले, "वहिनी, पाणी नको तर नको. पण मलाई चालेल ना?"

* * *

दिवसाला एक लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच ताक. माझा अर्धा जन्म आता भांडी मोजण्यात चाललाय, आणि हे माझ्या पाठीमागे फ्रीजमधला बर्फ चघळतात. पकडलं, तर म्हणतात, "बर्फ स्थायू आहे. पाठ्यपुस्तक बघ."

पाठ्यपुस्तक काहीही म्हणो, वजनकाटा खोटं बोलत नाही. डायलिसिसच्या आधी वजन करतात. दोन दिवसांत किती पाणी साठलं ते कळतं. एकदा हे काट्यावर चढले आणि आकडा बघून उतरले. चपला काढल्या. परत चढले, परत उतरले. घड्याळ काढलं, मोबाइल माझ्या हातात दिला, शेवटी चष्माही काढला.

टेक्निशियन मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, चष्म्यात तीन लिटर पाणी मावत नाही."

* * *

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक काकू आहेत. मनानं चांगल्या, पण लिफ्टमध्ये भेटल्या की एकच प्रश्न. "मिळाली का हो किडनी?" गॅसचा सिलिंडर आला का, तशा सुरात! वर्षभर मी "नाही अजून" म्हणत होते.

एकदा सकाळी डायलिसिसला उशीर झालेला, फाइल सापडत नव्हती, आणि लिफ्टमध्ये ह्या. "मिळाली का हो?"

"मंडईत आली होती," मी म्हटलं. "पण फार किडकी निघाली, परत केली!"

तेव्हापासून काकू जिना वापरतात. गुडघे सुधारले म्हणे त्यांचे.

* * *

हॉस्पिटलनं बजावलं होतं, फोन कायम चालू हवा. उचलला नाहीत, तर पुढच्या माणसाला लावणार. त्यामुळे हे मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंघोळीला जातात.

एके दिवशी फोन वाजला. गोड आवाजात बाई म्हणाल्या, "अभिनंदन सर! तुमची निवड झालीये! आजच सपत्नीक यायचंय!" मी फाइल घेतली, गॅस बंद केला, देवापुढे साखर ठेवली, एका पायात चप्पल घातली. हे फोनवर बारकाईनं पत्ता विचारत होते. तो कुठल्याशा हॉलिडे क्लबचा निघाला, हॉटेलात फुकट मिक्सर देणारा!

पण हे तोवर विचारून बसले होते, "उपाशीपोटी यायचं का?"

* * *

बाकावर माझ्या शेजारी लोणी काळभोरचे तात्या बसतात. त्यांच्या शांताबाई ह्यांच्या शेजारच्या मशीनवर. रक्तगटही एकच. तात्यांचा मळा आहे. पालक, टोमॅटो, बटाटे, सगळं आमच्या पेशंटांना बंद असलेलं! तरी दर शनिवारी पिशवी माझ्यापुढे. "न्या वैनी, आमच्यात आता कोण खात न्हाई."

"तात्या, आमच्याकडे तरी कोण खातं?"

"ते बी खरंच हाय," तात्या म्हणतात, आणि पुढच्या शनिवारी पिशवी परत हजर!

* * *

खरा फोन आला तो सकाळी दहाला. "एक किडनी आहे. दोन पेशंट बोलावलेत. पहिला नंबर दुसऱ्या पेशंटचा. त्या फिट नसल्या तर तुमचा. काही खाऊ-पिऊ नका, लगेच निघा."

पोचलो, तर खोलीत दोन कॉट, आणि पहिल्या कॉटवर शांताबाई! शेजारी तात्या, इस्त्रीचा सदरा घालून.

डॉक्टर दोघांना सांगून गेले, "ताप, सर्दी, खोकला, काहीही निघालं तरी ऑपरेशन नाही. किडनी दुसऱ्याला." खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, हिला आज ताप निघावा. लगेच स्वतःची लाज वाटली. पण आलं ते आलं.

डॉक्टर बाहेर गेले आणि तात्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. गावच्या भैरवनाथाचा अंगारा!

"तात्या, तोंडात काही घालायचं नाही!" मी ओरडलेच.

"आंगारा हाय, वैनी. अन्न न्हाई," म्हणत त्यांनी चिमूटभर बायकोच्या जिभेवर ठेवलाही. सकाळपासून कोरड पडलेल्या घशात ती राख गेली, आणि शांताबाईंना असा ठसका लागला की कॉट हलायला लागली.

डॉक्टर धावत दारात आले. "कोण खोकलं?"

शांताबाईंनी तोंडाला पदर लावून श्वास कोंडून धरला होता. तात्यांनी पुडी मुठीत आवळली.

"मी विचारतोय, कोण खोकलं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, ते मला पक्कं ठाऊक आहे.

तेवढ्यात ह्यांनी हात वर केला. "मी."

"काका, तुम्ही? कधीपासून आहे खोकला?"

"दोन दिवस झाले," हे म्हणाले. "लिहून घ्या."