फुलंब्रीच्या रांजणात गेलेला बर्फ आणि फर्दापूरला पोचलेलं तिरामिसू

शुक्रवार, १० मे २०२४, सकाळी पावणेअकरा. फुलंब्रीच्या थांब्यावर मी पाय मोकळे करायला खाली उतरले आणि परत येते तो माझ्या डब्यातला बर्फ गायब. त्या बर्फावर एका लहान डब्यात मी घरी केलेलं तिरामिसू, म्हणजे कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचं इटालियन गोड, होतं. फर्दापूर अजून बरंच लांब होतं आणि ऊन असं, की खिडकीच्या दांडीला हात लावायची सोय नव्हती.

आधी का निघाले ते सांगते. फर्दापूरला माझी मैत्रीण नंदा राहते. आमच्या शहरातल्या छावणी भागातल्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघी एका बाकावर होतो. निवृत्त झालो की इटलीला जायचं, असं आमचं ठरलेलं. आधी माझ्या आईचं आजारपण आलं, मग नंदाचे गुडघे गेले, मग टाळेबंदी. आता १ जूनला तिची मुलगी तिला कायमची बंगळुरूला नेणार आहे. नंदाला इटलीला नेणं आता होणार नाही. म्हटलं, तिथला एक पदार्थ तरी तिच्या हातात ठेवू.

कुणाला करायचं असेल तर ऐका. मस्कारपोने नावाचं ते इटालियन चीज विकत आणायचं तर जालना रोडवरच्या मोठ्या दुकानात जावं लागतं, आणि जलवाहिनीसाठी खणलेला रस्ता ओलांडून जायची माझी हौस संपली आहे. घरीच करा. जाड क्रीम मंद आचेवर तापवायचं, लिंबू पिळायचं, घट्ट झालं की श्रीखंडाच्या चक्क्यासारखं फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्यायचं. अस्सल कृतीत अंडी कच्ची घालतात. आपल्याकडे मे महिन्यात तो शहाणपणा करू नका. बलक आणि साखर उकळत्या पाण्याच्या भांड्यावर फेटत शिजवायचं. मी फेटत असतानाच नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते आठवड्याने येतं, त्यामुळे गॅस तसाच टाकून बादल्या भरल्या. बलकाच्या गाठी झाल्या. पुन्हा अंडी आणली, पुन्हा हात दुखवला. शिजलेला बलक गार करून त्या चीजमध्ये कालवला की क्रीम तयार. बोटाएवढी स्पंजी बिस्किटं कडक कॉफीत नुसती बुडवून काढायची. रेंगाळलात तर लगदा. त्यावर क्रीमचा थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम, वर कोको. नंदाच्या गोळ्या चालू आहेत म्हणून रम घातली नाही.

सकाळी रसवंतीवाल्याकडून फोडलेली लादी घेतली आणि खासगी गाडी पकडली. एसटीत डबा मांडीवर घ्यायला लागला असता. या गाडीचा कंडक्टर, चाळिशीचा गृहस्थ, म्हणाला, "मागं ठेवा मॅडम, माझी जबाबदारी." त्याच्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

शहराच्या टोकाचं हर्सूल सोडलं की पूर्वी ज्वारी दिसायची. आता प्लॉटिंगच्या कमानी दिसतात. एकीवर 'लेक व्ह्यू' लिहिलेलं, आणि मागे कोरडं तळं, त्यात क्रिकेट चाललेलं. फुलंब्रीला गाडी चहासाठी थांबते. चहा बरा असतो, स्वच्छतागृहाबद्दल मी बोलत नाही.

परतले तर थांब्यावरच्या लिंबाखाली पाणपोईभोवती गर्दी. कंडक्टर माझा बर्फ ओंजळीने रांजणात टाकत होता.

"हे काय चाललंय?"

"झालंच बघा मॅडम, समदा टाकला."

"कुणाला विचारून?"

"आज अक्षय तृतीया न्हवं? शहरातल्या बाया दरसाल ह्या पाणपोईला बर्फ आणत्यात. मला वाटलं, तुम्ही बी त्यातल्याच."

अक्षय तृतीयेला पाणी दान करतात हे मला आईने शिकवलं होतं. आज अक्षय तृतीया आहे हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी तांब्या तोंडाला लावून म्हणाली, "लई गार हाय माय. लई पुण्य लागंल तुला. तुजी लेकरंबाळं सुखी ऱ्हाऊ दे."

"मला लेकरंबाळं नाहीत."

"मग तूच ऱ्हा की सुखी!"

सगळे हसले. आता रांजणाशी भांडायचं कसं? शेजारच्या ज्यूसच्या गाडीवर बर्फ मागितला. तो म्हणाला, "आपा, बरफ तो सुबेच खतम हो गया."

सिल्लोड, अजिंठ्याचा घाट. मी डबा मांडीवर घेऊन ओल्या पदराने झाकला होता. फर्दापूरला झाकण उघडलं तर क्रीम पातळ होऊन बिस्किटं तरंगत होती. नंदा चमचा घेऊनच बसली होती.

"आण इकडे, मीने."

"अंडं आहे त्यात. दोन तास उन्हात शिजलंय. एक चमचा लावलास तर याद राख."

"मरणार नाही गं मी."

"बंगळुरूला जाऊन मर. इथे माझ्या हातचं खाऊन नको."

ती रुसली. मग म्हणाली, "वास तरी घेऊ दे." डब्यावर वाकून तिने डोळे मिटले. "इटलीत असाच वास येत असेल का?"

"मी तरी कुठे गेलेय?"

कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा करून सगळं पुरलं. मग तिच्या शेजारणीने पिठलं-भाकरी केली, ती खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. डबा अजून घासलेला नाही. नळाला पाणी यायचंय.

त्या म्हातारीला थंड पाणी मिळालं याचं मला दुःख नाही. पण पुण्य माझ्या नावावर आणि नंदाचा चमचा कोरडा, हा हिशेब मला मान्य नाही. गाडीच्या मालकांनी हे वाचावं. भरपाई नको. मी पुन्हा अंडी फेटणार आहे, हात दुखतोय तरी. तुमच्या गाडीत माझा डबा माझ्या मांडीवर राहील आणि माझ्याशिवाय कुणीही तो उघडणार नाही, एवढं मला लेखी द्या. शनिवार, २५ मे, संध्याकाळी पाचच्या आत. नंदा १ जूनला जातेय.