इंद्रभानचे हुकलेले शॉट

धाड ते बुलढाणा जीप चालवनाऱ्या इंद्रभानच्या आरशाखाली एक तिकोनी रेशमी झेंडा लटकते. मॅचच्या आधी दोन देशांचे कप्तान एकमेकाले असे झेंडे देतात. हा त्याच्या धाकट्या बहिनीले, मयुरीले भेटलेला. मयुरी भारताच्या पोरींच्या फुटबॉल टीमची कप्तान हाय. कोनी विचारो ना विचारो, गाडीनं गाव सोडलं का इंद्रभान सुरू.

"सख्खी बहीन हाय माही. म्याच शिकवलं तिले. आपला शॉट म्हंजे दहातले दहा गोलात!"

त्या दिवशी मांगच्या शिटावरच्या मंजुश्रीबाई म्हने, "पन भाऊ, पेपरात तं दीपक सरांचं नाव आलं. पहिले गुरू तेच ना?"

इंद्रभाननं गिअर असा टाकला का अख्खी गाडी कन्हली.

दीपक सर शाळेत पीटी शिकवत. मयुरी आठवीत गेली तवा त्यांनी तिले हेरलं. जिल्ह्याले नेलं, राज्याले नेलं. मंग भारताचा कॅम्प. दोन वर्षं बाकावर बसली, गुडघा फुटला, सा महिने घरी लंगडली, अन् पुन्हा उभी राह्यली. मांगं बचावाले उभी राहून साठ पावलांवरच्या पोरीच्या पायात नेमका बॉल टाकनारी तिच्यासारखी दुसरी नाई. यंदा दंडावर कप्तानीचा पट्टा चढला.

सरांनी मेहनत घेतली हे इंद्रभानले कबूल. पन आठवीच्या आधीची पाच वर्षं कोनाची? मयुरीनं एक झेंडा सरांलेही देल्ला होता. तो शाळेत काचेच्या फ्रेममंदी. याचा धुळीत, उन्हानं पांढरा पडलेला. शाळेवरून जाताना इंद्रभान तिकडं पाहतच नसे.

रविवारी शाळेच्या मैदानात मयुरीचा सत्कार ठेवला. इंद्रभानच्या मनात एकच होतं. माइकवरून एकदा, फक्त एकदा, गावासमोर आपलं नाव निघावं. सकाळपासून त्यानं जीपमंदी खुर्च्या वाहिल्या. अन् मयुरीच्या बाजूच्या खुर्चीवर दीपक सर इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

"बस ना बे खाली," माय बनाबाई म्हने. "काऊन फुगून राह्यला?"

"खुर्च्या म्या आनल्या माय, अन् बसलं कोन, पाह्य!"

"मंग घेऊन ये उचलून, सरासगट!"

तेवढ्यात कोनीतरी मयुरीले विचारलं, "ताई, एवढी लांब किक कोनी शिकवली?"

सर खुर्चीत सरसावून बसले. इंद्रभान दोन पावलं पुढं सरकला.

"खेळ सरांनी शिकवला," मयुरी म्हने. "पन किक माह्या दादामुळं आली."

इंद्रभान उभाच राह्यला. छाती अशी फुगली का गुंड्या तुटतील.

"दादा मले खेळू देत नोता. पोरीचं काय काम, म्हने. मले गोलाच्या मांगं उभी करे, बॉल आनाले. अन् दादाचे शॉट तं तुमाले माहीतच हायेत. दहातले नऊ गोलावरून सीधे मांगच्या कपाशीच्या वावरात! तिथून चालत आनाचा कटाळा ये, म्हनून मी तिथूनच लाथ मारे. पाच वर्षं मारली."

मैदान हसून लोळलं. इंद्रभानचा जुना गोलकीपर सहदेव मांगून वरडला, "खरं हाय! मले कधी वाकाच लागलं नाई!"

इंद्रभानचे कान तापले. रोज जीपमंदी सांगितलेले दहातले दहा गोल गावासमोर वावरात जाऊन पडले होते. मंजुश्रीबाई तिथंच, पदर तोंडाले लावून.

दीपक सर माइकपाशी आले. मानूस भला. म्हने, "चेष्टा करते ती. इंद्रभान चांगला खेळत होता. शॉट गोलातच राहत त्याचे. किकेवर आपनच आठवीत मेहनत घेतली, नाई का मयुरी?"

लोक टाळ्या वाजवाले लागले. इज्जत वाचली होती. नुसतं बसाचं होतं.

इंद्रभाननं सरांकडं पाह्यलं. सरांच्या खुर्चीकडं पाह्यलं. अन् दोन्ही हात वर करून बोंबलला,

"झूठ हाय सर! काई चांगलाफिंगला नोतो मी! नऊ म्हनते ती, भावाची लाज राखून राह्यली. दहातले दहा वावरात जात! इचारा सहदेवले! हाय का कोनी या गावात माह्यावानी हुकवनारा?"